वडिलांच्या हाती पहिला स्मार्टफोन: बिल, सातबारा, हयातीचा दाखला. सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ

वडील ६८, आई ६१. गाव वाळवा तालुक्यात, जिल्हा सांगली. वडील साखर कारखान्यातून निवृत्त, ईपीएफओची (भविष्य निर्वाह निधीवाल्यांची) पेन्शन आहे. आजवर बटणांचा फोन होता, आता अँड्रॉइड घेतलाय. नंबर जुनाच, पण कंपनीच्या दुकानातून सिम बदलून ४जी घ्यावं लागलं. मी पुण्यात असतो, महिन्यातून एकदा गावी जातो. त्यामुळे बरंचसं फोनवरूनच शिकवावं लागणार आहे.

दोघांना स्वतःच्या हाताने करायची आहेत अशी कामं चारच: महावितरणचं बिल भरणं, सातबारा काढणं, दरवर्षीचा हयातीचा दाखला आणि दुकानात पैसे देणं. सध्या अडलंय ते असं:

यूपीआयचं ॲप सुरू करताना ‘नंबर पडताळणी अयशस्वी’ येतं, तीनदा झालं.
सातबाऱ्याच्या साइटवर गट नंबर टाकला की काहीच सापडत नाही. गट आमचाच आहे, नंबरही बरोबर आहे.
बिल भरताना ग्राहक क्रमांक टाकल्यावर ‘बीयू’ विचारतो. ते काय असतं?

कुठल्या क्रमाने जावं आणि कुठे जपावं, हे सांगा. यूट्यूब कसं लावायचं ते सांगू नका, ते त्यांना पहिल्याच दिवशी आलं.


नंबर_आधी

क्रमाबद्दल आधी सांगतो, कारण तुमच्या चारपैकी तीन कामांची दोरी एकाच जागी बांधलेली असते: मोबाइल नंबर. इंटरनेटवरची सरकारी आणि बँकेची जवळपास सगळी दारं ओटीपीने उघडतात, आणि ओटीपी जातो तो बँकेकडे किंवा आधारकडे नोंदवलेल्या नंबरवर. हातातल्या फोनमध्ये कुठला नंबर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गावाकडे पुष्कळदा आधारला मुलाचा नंबर असतो, बँकेत बंद पडलेला नंबर असतो आणि गॅसला तिसराच. म्हणून कुठलंही ॲप टाकण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: आधारला कुठला नंबर, बँकेत कुठला, फोनमध्ये कुठला. तिन्ही सारखे झाले की अर्धं काम झालं.

आधारचा नंबर घरबसल्या तपासता येतो. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर आधार वैध आहे की नाही हे पाहायची सोय आहे. तिथे आधार क्रमांक टाकला की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. नंबर वेगळा निघाला तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे लागतात. गावच्या पोस्टमनकडे त्याचं यंत्र असेल तर तेही करून देतात, आधी पोस्टात विचारा. आईचाही आधार तपासा. घरातल्या बायकांच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर असतो आणि ते नेमकं घाईच्या दिवशी कळतं.

आता ‘पडताळणी अयशस्वी’. यूपीआयचं ॲप तुमच्या फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि तो बँकेतल्या नंबरवरूनच आला का ते बघतं. हा एसएमएस बाहेर जायला हवा, इथेच सगळी मेख आहे. तो न जाण्याची कारणं मला माहीत आहेत ती अशी. एक, सिम नुकतंच बदललेलं असेल तर त्यावरची एसएमएस सेवा पहिले २४ तास बंद ठेवलेली असते. कोणी तुमच्या नावाने सिम काढून खातं रिकामं करू नये म्हणून ही सोय आहे, आणि काही बँका तर सिम बदलल्यावर त्याहून जास्त दिवस थांबवतात. तुमच्या बाबतीत मला याचाच संशय आहे. दोन, रिचार्ज संपलेला किंवा एसएमएस नसलेला पॅक. येणारे फोन चालू असतात म्हणून लक्षात येत नाही. तीन, फोनमध्ये दोन सिम असतील तर ॲपमध्ये चुकीचं सिम निवडलेलं. चार, ॲपने एसएमएसची परवानगी मागितली तेव्हा घाबरून ‘नकार द्या’ दाबलेलं. आधी त्या सिमवरून तुम्हाला एक साधा एसएमएस पाठवून बघायला सांगा. तो आला तर ॲपकडे वळा, नाही आला तर सिमकडे.

पाठवलेल्या मेसेजमध्ये अगम्य अक्षरांची रांग दिसेल, ती पाहून दचकू नये. तो ॲपनेच पाठवलेला असतो.


पाटीपेन्सिल

सातबारा न दिसण्याचं कारण मी पैजेवर सांगते: गट नंबर मराठी आकड्यांत टाकलाय. कीबोर्ड मराठीवर असला की आकड्यांच्या ओळीत मराठी आकडे येतात आणि बऱ्याच सरकारी साइट ते आकडे म्हणून ओळखतच नाहीत. चूक दाखवत नाहीत, नुसतं ‘नोंद सापडली नाही’ म्हणतात. गट क्रमांक, आधार, ग्राहक क्रमांक, ओटीपी, सगळं इंग्रजी आकड्यांत. नावं मात्र मराठीत. म्हणजे काका-काकूंना पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट कुठली, तर कीबोर्डवरची भाषा बदलणं.

जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) सेटिंग्जच्या ‘भाषा’मध्ये जाऊन मराठी देवनागरी जोडा. मग स्पेसबार दाबून धरला की भाषा निवडता येते, किंवा त्याच्या शेजारची पृथ्वीगोलाची खूण दाबायची. मराठीसाठी दोन मांडण्या मिळतात, एकीत अ-आ-इ ची अक्षरं असतात, दुसरीत इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी उमटतं. शाळेत इंग्रजी कमी झालेल्या माणसाला पहिलीच सोपी पडते. त्याहूनही सोपा माइक आहे. बोललं की टाइप होतं. फक्त आडनावं आणि गावांची नावं बोलून झाल्यावर एकदा वाचून घ्यायची, माइक त्यात हमखास घोळ घालतो.

तीन आणखी बारीक गोष्टी, ज्या शिकवताना कुणी सांगत नाही:

फोनची भाषा. मराठी ठेवा, पण मग तुमचा स्वतःचा फोनही महिनाभर मराठीत ठेवा. नाहीतर तुम्ही पुण्याहून इंग्रजी बटणाचं नाव सांगणार आणि त्यांच्यासमोर त्याचं भाषांतर असणार. फोनवरून शिकवण्यातली निम्मी चिडचिड यातून होते.

अक्षरांचा आकार. सगळ्यात मोठा करू नका. त्या मापात कित्येक ॲपमधलं ‘पुढे’ हे बटण पडद्याखाली जातं किंवा कीबोर्डच्या मागे लपतं, आणि माणूस ‘अडकलं’ म्हणून फोन ठेवून देतो. मोठ्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. आणि ‘बटण दिसत नाही तर आधी कीबोर्ड खाली घाला’ हे वाक्य पाठ करून घ्या.

कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं येतात त्यात लहान-मोठी लिपी पाळावी लागते. शून्य आहे की ओ हे कळत नसेल तर अंदाज करत बसू नये, शेजारचा गोल बाण दाबून दुसरा मागवावा. दोनदा चुकलं की बरेचदा आधी भरलेलं सगळं पुसलं जातं.


गाव_नमुना

सातबाऱ्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण यात लोक पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात.

सरकारच्या दोन वेगळ्या सोयी आहेत. महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, पण तो माहितीपुरता. त्यावर सही नसते, बँक किंवा कचेरी तो घेत नाही. दुसरी म्हणजे डिजिटल सातबारा. तिथे एका उताऱ्याला १५ रुपये लागतात, आणि तो डिजिटल सहीचा असल्यामुळे त्यावर आणखी कुणाचा शिक्का लागत नाही. उताऱ्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो. घेणाऱ्याला शंका असेल तर त्याने तिथेच तपासावं. पीककर्जासाठी फुकटच्या उताऱ्याची छापील प्रत घेऊन बँकेत गेलेला माणूस हात हलवत परत येतो तो याच गोंधळामुळे.

बघायची पद्धत: विभाग निवडा (सांगली पुणे विभागात येतो), मग जिल्हा, तालुका, गाव. सातबारा हवा की आठ अ हे ठरवा. सातबारा म्हणजे त्या गटाचा उतारा, आठ अ म्हणजे त्या गावात तुमच्या खात्यावर एकूण किती जमीन आहे त्याचा. शोधताना गट क्रमांक द्या किंवा नाव द्या. गटाचे पोटहिस्से पडले असतील तर नुसता ‘४५’ टाकून भागत नाही. आकडा टाकून शोधा दाबलं की खाली यादी उघडते, त्यात ४५/१, ४५/२/अ असे हिस्से असतात, त्यातला आपला निवडायचा. यादी उघडली आहे हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नावाने शोधायचं तर नोंदीत जसं लिहिलंय तसंच. दप्तरात ऱ्हस्व वेलांटी असेल आणि तुम्ही दीर्घ दिली तर सापडणार नाही. अशा वेळी फक्त आडनावाने शोधा आणि यादीतून उचला. नाव निघालं की अक्षर न् अक्षर वाचा, क्षेत्र हेक्टर-आर मध्ये बघा (१०० आर म्हणजे एक हेक्टर, ४० आर म्हणजे साधारण एक एकर), आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना कधीही सोडू नका. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून तिथेच बसलेला असतो तो यामुळेच दिसतो. चूक असेल तर ती साइटवर बसून दुरुस्त होत नाही, त्याला गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, अर्ज करावा लागतो. पद बदललं, माणूस तोच.

डिजिटल उताऱ्यासाठी मोबाइल आणि ओटीपीने आत जायचं, आधी खात्यात पैसे भरायचे, मग उतारा निवडायचा. पैसे भरताना साइट मंद असेल तर मागे जायचं बटण दाबू नये आणि पान ताजं करू नये. ‘पैसे गेले, उतारा नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. आत पुन्हा जाऊन शिल्लक बघा, बहुतेक वेळा रक्कम जमा झालेली असते आणि उतारा काढायचाच राहिलेला असतो. उतारा निघाला की तिथल्या तिथे पीडीएफ उतरवून घ्या आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. दुपारी या साइटवर गर्दी असते. सकाळी सातच्या आत बसलात तर ओटीपीही वेळेवर येतो.


कृष्णाकाठ

पाटीपेन्सिल, पैज जिंकलात. मराठी आकडेच होते. इंग्रजी करून टाकल्यावर यादी उघडली, आमचा गट /३ निघाला. सिमवरून साधा एसएमएस गेला नाही, उद्या पुन्हा बघतो. बिलाचं आणि पैशांचं कुणी सांगेल का? आणि एक, मी पुण्यातून त्यांचा पडदा बघू शकेन असं एखादं ॲप टाकू का?


मीटर_रीडिंग

बीयू म्हणजे बिलिंग युनिट, तुमचं बिल कुठल्या उपविभागाकडून निघतं त्याचा चार आकडी क्रमांक. कागदी बिलावर वरच्या भागात ग्राहक क्रमांकाजवळच छापलेला असतो. ग्राहक क्रमांक १२ आकडी. ॲपमध्ये वीजबिलाच्या यादीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच कंपन्या दिसतात, मुंबईच्याही. त्यातली महावितरणच निवडायची. दोन्ही आकडे बरोबर असले की पैसे भरायच्या आधीच ग्राहकाचं नाव आणि रक्कम समोर येते. नाव आपलं नसेल तर तिथेच थांबा. आजोबांच्या नावाचं मीटर असेल तर आजोबांचं नाव येईल, ते ठीक आहे.

बिलावर एकाच महिन्याच्या दोन-तीन रकमा असतात: लवकर भरल्यास थोडी कमी, मुदतीत, आणि मुदतीनंतर १.२५ टक्के विलंब आकारासह. ऑनलाइन भरताना शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. रक्कम खात्यातून लगेच जाते, पण महावितरणच्या दप्तरी लागायला कधी कधी वेळ लागतो. दोन-तीन दिवस हातात ठेवा. एकदा भरलं की पुढच्या महिन्यापासून ॲपच बिलाची आठवण देतं आणि आकडे पुन्हा टाकावे लागत नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसून करून द्या.

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज तुमच्याही गावात येणार. महावितरण कुठल्याही खासगी मोबाइल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. ज्यात फोन करायला दहा आकडी मोबाइल नंबर दिलाय तो मेसेज खोटा, इतकं काकांनी लक्षात ठेवलं तरी पुरे. खरी तक्रार असेल तर १९१२.


सुटे_पैसे

यूपीआयबद्दल. खातं जुळलं की पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं. कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीने पिन करता येतो, पण मग आधारला तोच नंबर हवा. म्हणजे पुन्हा वरच्या ‘नंबर_आधी’ यांच्या कागदाकडेच. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं खातं असेल आणि यादीत नावच दिसत नसेल तर ॲप बदलून उपयोग नाही, बँक यूपीआयवर आहे का ते शाखेत विचारा.

नवीन फोनवर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. बिघाड नाही, मर्यादा आहे.

माझा आग्रह असा की पेन्शनचं खातं जोडूच नका. दुसरं बचत खातं जोडा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरते दोन-तीन हजार ठेवा. काय चुकायचं ते तेवढ्यातच चुकेल. चहा-भाजीसाठी यूपीआय लाइट आहे, त्यात ५,००० पर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता जातात. पिन लागत नाही म्हणजेच उघडा फोन ज्याच्या हातात त्यालाही लागत नाही, तेव्हा फोनला पडदा-कुलूप हवंच.

शिकवताना एकच गोष्ट दहादा घोकून घ्या: पिन लागतो तो पैसे जाताना. पैसे येताना कधीही, कोणत्याही कारणाने पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका म्हणजे जमा होतील’ म्हणणारा चोर असतो. दुकानात स्कॅन केल्यावर वर जे नाव येतं ते दुकानदाराला वाचून दाखवायचं, तो हो म्हणाला की रक्कम, मग पिन.

पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. अडकलेला व्यवहार आपोआप उलटतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणसाला पाठवलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवून १२ आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख) काढून ठेवा, बँक तोच विचारते. चुकीच्या माणसाला गेलेले पैसे मात्र असे आपोआप येत नाहीत. ‘अडकलेले’ आणि ‘चुकलेले’ यांत फरक आहे, आणि चुकलेल्यांसाठी लगेच बँकेत तक्रार नोंदवावी लागते.


नंबर_आधी

पडदा बघायच्या ॲपबद्दल: वेगळं काही टाकू नका. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येच पडदा दाखवायची सोय आहे, शिकवायला तेवढी पुरते. पण नियम घालून द्या की पडदा फक्त तुमच्यासमोरच उघडायचा आणि बँकेचं ॲप उघडण्याआधी बंद करायचा. बरीच बँकेची ॲप पडदा दाखवत असताना उघडत नाहीत किंवा काळी होतात, त्याचं कारण हेच. ‘केवायसी करून देतो, हे ॲप टाका’ म्हणणारे दुसरं काही करत नाहीत, तुमचा पडदा बघतात आणि ओटीपी वाचतात.

सुटे_पैसे यांच्याशी एका बाबतीत जमत नाही. यूपीआय लाइट सुरुवातीला नकोच. पहिले दोन महिने प्रत्येक वेळी पिन टाकायची सवय लागू दे, मग बघा.


दाखलावही

हयातीचा दाखला. ईपीएफओच्या पेन्शनला नोव्हेंबरची सक्ती नाही. वर्षभरात कधीही द्या, दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. म्हणून उन्हाळ्यात, निवांत असताना करा. नोव्हेंबरात सगळ्या देशाचे पेन्शनर एकाच दारात उभे असतात.

चेहऱ्याने करायचं तर फोनवर दोन ॲप लागतात, ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’. दुसऱ्याचं चिन्ह फोनवर दिसत नाही, ते मागे राहून काम करतं. ‘इन्स्टॉल झालंच नाही’ असं समजून पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. आधी ऑपरेटरची नोंद होते, म्हणजे जो फोन हाताळतोय त्याची. वडील स्वतःच ऑपरेटर होऊ शकतात. मग पेन्शनरची माहिती: आधार, मोबाइल, १२ आकडी पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा), पेन्शन जमा होते ते खातं, मंजुरी देणारी संस्था ईपीएफओ. पेन्शनच्या प्रकाराचे आणि संस्थांचे पर्याय गोंधळात टाकतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या दाखल्याची प्रत शोधा आणि त्यावर जे छापलंय तेच निवडा.

चेहरा घेताना खिडकीकडे तोंड करून बसायचं, खिडकीला पाठ नाही. मागे मोकळी भिंत, चष्मा काढलेला, डोक्यावर टोपी नाही, सांगेल तेव्हा पापण्या मिटायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा आधारवरचा फोटो फार जुना असेल तर चेहरा जुळत नाही. मग बोटांच्या ठशाने करावं लागतं, त्यासाठी पोस्टमन किंवा आपले सरकार केंद्र.

शेवटी प्रमाण आयडी एसएमएसने येतो. इथे बहुतेक जण ‘झालं’ म्हणून उठतात. हा आयडी फक्त अर्ज गेल्याची पावती आहे. पीपीओ किंवा खातं चुकलं असेल तर दाखला नंतर नाकारला जातो. आठवड्याने जीवन प्रमाणच्या साइटवर स्थिती बघा.


वेशीवरचा

साइटचा पत्ता कसा वाचायचा ते कुणी लिहिलं नाही, म्हणून एवढंच. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या ‘प्रायोजित’ ओळी जाहिराती असतात, त्यांवरून जाऊ नका. उघडल्यावर वरचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा आणि त्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा. सरकारी असेल तर तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं. ‘महाभूमी’ हा सातबाऱ्याच्या साइटचा शब्द पत्त्यात कुठेही घुसवता येतो. शेवट ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ असेल तर ती सरकारची साइट नव्हे. महावितरण सरकारी कंपनी असली तरी तिच्या पत्त्याचा शेवट नुसता ‘डॉट इन’ आहे, म्हणून तो पत्ता एकदा बिलावर बघून फोनमध्ये जपून ठेवा. कुलपाची खूण म्हणजे वाटेत कोणी वाचत नाही एवढंच. पलीकडे बसलेला भला आहे असं ती सांगत नाही. बँकेचा फोन नंबर शोधून काढू नका, तो पासबुकावर असतो.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे; आलेले एसएमएस ती परस्पर दुसऱ्याला धाडते. पाठवणारा पाहुणा असला तरी, कारण बहुधा आधी त्याचा फोन गेलेला असतो. सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे’ ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोघांसाठी बंद ठेवा. व्हॉट्सॲपच्या खाते विभागात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सहा आकडी पिन द्या. व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनी महिन्याभरात फोन भरेल आणि बँकेचं ॲप अपडेट व्हायला जागा उरणार नाही.

कुणाच्या सांगण्यावरून तारका-आकडे असा काही कोड डायल केला असेल तर ##००२# डायल करा, वळवलेले कॉल बंद होतात. आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन, ताबडतोब, बँकेच्या शाखेची वाट न बघता. पैसा पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आला तरच मिळतो.


कृष्णाकाठ

आज एसएमएस गेला आणि पडताळणी झाली. सिम बदलल्याचे २४ तास हेच कारण होतं. पेन्शनचं खातं जोडलं नाही, आईचं पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं जोडलं. आधार मात्र माझ्याच नंबरवर निघालं, दोघांचंही. सोमवारी पोस्टमनला बोलावलंय.


दाखलावही

बोलावलंत ते उत्तम, पण त्या दिवशी वडिलांचा नवा फोन चालू आणि जवळ असू द्या, नव्या नंबरवर ओटीपी येतो. बदल लगेच दिसत नाही, काही दिवस जातात. तोवर हयातीच्या दाखल्याला हात लावू नका.